पटावरचीं भाकितें



बुद्धिबळाचा एखादा मोठा सामना ठरला, कीं तो सुरू होण्यापूर्वींच त्याच्या शेजारीं दुसरा एक सामना सुरू होतो. त्याला पट लागत नाहीं, घड्याळ लागत नाहीं, आणि घोडा अडीच घरें चालतो एवढें ज्ञान गांठीं असलें तरी तो खेळतां येतो. "जिंकणार कोण?" या प्रश्नाचा तो सामना होय. २०२५ सालच्या जुलै महिन्यांत नांदेडास आमच्या मंडळींत हा सामना चांगलाच रंगला होता, आणि त्याला कारणहि तसेंच होतें. काळ्या समुद्राच्या कांठीं, जॉर्जिया देशांतील बातुमी या शहरीं, महिलांच्या विश्वचषक स्पर्धेच्या अंतिम फेरींत दोन भारतीय स्त्रिया समोरासमोर आल्या होत्या. एक आंध्रची कोनेरु हंपी, दुसरी नागपूरची दिव्या देशमुख.

आतां नांदेड जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. उत्तरेस पैनगंगा ओलांडली कीं यवतमाळ, म्हणजे विदर्भ, लागतो. पूर्वेस धर्माबाद-बिलोलीच्या पलीकडे पाऊल टाकलें कीं तेलंगण. आमच्या बाजारांत तेलुगु कानांवर पडते, आणि आमच्या घराघरांत विदर्भांतील सोयरेधायरे आहेत. तेव्हां कोणाचा पक्ष घ्यावा, हा पेच पुण्या-मुंबईच्या श्रोत्यापेक्षां आम्हांस अधिक होता. हा कांहीं जगज्जेतेपदाचा प्रत्यक्ष सामना नव्हे, हें खरें. परंतु या स्पर्धेंतील पहिल्या तिघींना जगज्जेतीची आव्हानवीर निवडणाऱ्या स्पर्धेचें दार उघडतें, म्हणून त्याचें मोल जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावरचें होतें.

मीं हंपीचें नांव घेतलें. अंतःकरणानें नव्हे, गणितानें. हंपीचे गुण २५४३, दिव्याचे २४६३. कागदावर ऐंशीं गुणांचें अंतर. शिवाय हंपी २००२ सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, ग्रँडमास्टर झाली, तेव्हां दिव्या जन्मलीहि नव्हती. आमच्यांतील एका वृद्ध गृहस्थांनीं, ज्यांची सारी हयात मुलांना गणित शिकविण्यांत गेली, दिव्याचें नांव घेतलें. गणिताच्या शिक्षकानें गणिताच्या विरुद्ध जावें याचें मला हसूं आलें. चहा-भज्यांची पैज लागली.

त्या पैजेच्या निमित्तानें मागच्या काळांतील थोर सामन्यांविषयीं जाणत्या लोकांनीं काय काय भाकितें केलीं होतीं आणि त्यांची पुढें काय गत झाली, हें मीं एकदां पडताळून पाहिलें. तें आज आपल्यापुढें मांडावें असा विचार आहे.

आरंभीं थोडें घरचें. हा खेळ आमच्या मुलखास परका नाहीं. राष्ट्रकूट राजे ज्या लट्टलूरचें नांव आपल्या बिरुदांत अभिमानानें मिरवीत, तें आजचें लातूर होय, असें इतिहासज्ञ मानतात. राष्ट्रकूटांच्या मागून आलेल्या चालुक्यांची राजधानी कल्याणी येथें होती. तें आजचें बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून फारसें दूर नाहीं. तेथें इ. स. ११३० च्या सुमारास तिसऱ्या सोमेश्वरानें 'मानसोल्लास' हा प्रचंड ग्रंथ रचिला. राजानें राज्य कसें मिळवावें येथपासून पक्वान्नें कशीं करावीं येथपर्यंत सारें त्यांत आहे, आणि राजाच्या क्रीडांमध्यें चतुरंगाच्या पटालाहि मानाची जागा आहे. पुढें सतराव्या शतकांत काशीस नीलकंठभट्टांनीं 'नीतिमयूख' लिहिला, त्यांतहि बुद्धिबळाचें वर्णन आलें आहे. आणि हें भट्ट घराणें मूळचें पैठणचें. म्हणजे मराठवाड्याच्या दोन टोकांशीं नातें सांगणाऱ्या दोन संस्कृत ग्रंथांत हा खेळ नांदत आहे. मात्र एवढ्या जुन्या काळीं दोन खेळाडूंच्या बलाबलाचें मोजमाप करण्याची कोणास निकड भासली नव्हती. तो उद्योग युरोपांत, आणि तोहि एकोणिसाव्या शतकांत, वर्तमानपत्रें व पैजा यांच्या जोडीनें वाढला.

जगज्जेतेपदाचा पहिला सामना म्हणून जो मानला जातो, तो १८८६ सालीं अमेरिकेंत विल्हेल्म स्टाइनिट्झ आणि योहानेस झुकेरटोर्ट यांच्यांत झाला. न्यूयॉर्कला पहिले पांच डाव झाले, आणि झुकेरटोर्ट चार-एक असा पुढें गेला. अशा वेळीं सामना संपण्यापूर्वींच त्याचा निकाल लिहून टाकण्याचा मोह कोणास होणार नाहीं? परंतु सामना सेंट लुईसला गेला, तेथून न्यू ऑर्लिन्सला गेला, आणि अखेरीस स्टाइनिट्झ दहा डाव जिंकून, पांच हरून, पांच बरोबरींत सोडवून मोकळा झाला. पहिल्या सामन्यानेंच पुढील सर्व भविष्यवेत्त्यांना इशारा दिला होता. तो कोणीं मनावर घेतला नाहीं, ही गोष्ट वेगळी.

परंतु भाकितांच्या इतिहासांतील खरें महाप्रकरण १९२७ सालचें आहे, आणि त्याजपाशीं थोडें थांबलें पाहिजे. क्यूबा देशाचा होसे राउल कापाब्लांका त्या वेळीं जगज्जेता होता. त्याच्या खेळांत एक प्रकारची निर्मळता होती. मोहरीं जणूं आपल्या पायांनीं योग्य घरांत जाऊन बसत आहेत, असें पाहणाऱ्यास वाटे. १९१६ पासून १९२४ पर्यंत आठ वर्षें तो एकहि डाव हरला नव्हता. रशियांतून परागंदा होऊन फ्रान्सांत स्थायिक झालेला अलेक्झांडर आलेखिन हा त्याचा आव्हानवीर. दोघांची पूर्वींची गांठ किती वेळां पडली होती? बारा वेळां. त्यांत पांच डाव कापाब्लांकानें जिंकले होते आणि सात बरोबरींत सुटले होते. आलेखिनच्या नांवावर एकहि विजय नव्हता! त्याच वर्षाच्या आरंभीं न्यूयॉर्कच्या स्पर्धेंत दोघे उतरले होते, आणि तेथें कापाब्लांका अडीच गुणांचें अंतर राखून पहिला आला होता.

इतका पुरावा हातीं असतांना कोणत्या शहाण्यानें आलेखिनचें नांव घेतलें असतें? जाणकारांनीं बहुधा एकमुखानें कापाब्लांकाचा जय सांगितला, आणि मला वाटतें, त्यांच्या जागीं आपण असतों तर आपणहि तेंच सांगितलें असतें. सप्टेंबरांत ब्वेनोस आयरेसला सामना सुरू झाला. पहिलाच डाव आलेखिननें काळ्या मोहऱ्यांनीं जिंकला. जो सहा डाव प्रथम जिंकेल तो जेता, बरोबरीचे डाव जमेस धरावयाचे नाहींत, अशी अट होती. त्यामुळें सामना लांबत लांबत नोव्हेंबर अखेरपर्यंत चालला. चौतीस डाव झाले, पंचवीस बरोबरींत गेले, तीन कापाब्लांकानें घेतले आणि सहा आलेखिननें. जगज्जेतेपद हातांतून गेलें.

यांतील मर्म असें, कीं भविष्यवेत्त्यांचे आंकडे चुकीचे नव्हते. बारा डावांचा हिशेब अगदीं बरोबर होता. चुकलें तें एवढेंच, कीं त्या बारा डावांचा उपयोग इतर लोक भाकितासाठीं करीत होते आणि आलेखिन अभ्यासासाठीं करीत होता. एखाद्या शास्त्र्यानें पोथी लावावी, तसे त्यानें कापाब्लांकाचे डाव लावले. न्यूयॉर्कच्या त्याच स्पर्धेवर त्यानें पुढें ग्रंथ लिहिला. त्यांत या निर्दोष समजल्या जाणाऱ्या खेळाडूच्या खेळांतील शैथिल्याचीं स्थळें त्यानें नेमकीं दाखविलीं आहेत. प्रतिस्पर्धी अंतिम अवस्थेंत वाटतो तितका अचूक नाहीं, आणि सहज सुचलेल्या चालीवर तो फार विसंबतो, हें त्याच्या ध्यानांत आलें होतें. दुसऱ्या बाजूस, ज्याच्याकडून आपण कधीं हरलों नाहीं त्याच्यासाठीं रात्रीं जागावयाचें तें कशाला, अशी कापाब्लांकाची वृत्ति असावी. म्हणजे भाकितानें भाकिताचाच घात केला. पटावरील इतर कोणत्याहि कारणापेक्षां हें कारण मला अधिक खरें वाटतें.

आणि गंमत पाहा. आठ वर्षांनीं पाळी आलेखिनवर आली. १९३५ सालीं हॉलंडांतील मॅक्स ऑयवे हा त्याच्या समोर बसला. ऑयवे धंद्यानें शिक्षक. ॲम्स्टरडॅमला मुलींच्या शाळेंत गणित शिकवीत असे. जगज्जेत्यानें अशा सभ्य, सरळमार्गी गृहस्थाचा फडशा पाडावा, असेंच सर्वांच्या मनांत होतें. आणि एके वेळीं आलेखिन तीन गुणांनीं पुढेंहि होता. तरी तीस डावांच्या शेवटीं साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा असा ऑयवे जिंकला. आलेखिनच्या मद्यपानावर या पराभवाचें खापर पुष्कळ लेखक फोडतात. तें कारण अगदीं खोटें नसेलहि, परंतु ऑयवेच्या नियमित कष्टांवर त्यानें अन्याय होतो. दोन वर्षांनीं आलेखिननें पद परत मिळविलें, तेव्हां तो पुन्हां विद्यार्थी झाला होता. (आमच्या वृद्ध मित्रांना ऑयवेची ही हकीकत सांगितली, तेव्हां ते केवळ इतकेंच म्हणाले, कीं गणिताच्या शिक्षकाला कमी लेखूं नये.)

या सुमारास आपल्या देशांतील एका माणसानेंहि सर्व ठोकताळे उधळून लावले होते. पंजाबचा मीर सुलतान खान हिंदुस्थानी पद्धतीचा खेळ शिकलेला; प्यादें पहिल्या चालीस दोन घरें पुढें नेण्याची सवलत त्या पद्धतींत नाहीं, आणि इतर नियमांतहि भेद आहेत. अशा माणसानें विलायतेस जाऊन १९२९ सालीं ब्रिटिश अजिंक्यपद मिळविलें. पुढें १९३२ व १९३३ सालींहि मिळविलें. आणि हेस्टिंग्सच्या स्पर्धेंत साक्षात् कापाब्लांकास हरविलें. युरोपांतील ग्रंथ त्यानें वाचले नव्हते, म्हणून त्याचें मोल ग्रंथज्ञांना आधीं करतां आलें नाहीं. जागतिक संघटनेनें त्यास सन्मान्य ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनीं.

येथवर जीं भाकितें झालीं तीं माणसांच्या मतांवर चालत. त्यांस आंकड्यांचा पाया दिला तो अर्पाद एलो नांवाच्या एका प्राध्यापकानें. हा मूळचा हंगेरीचा, अमेरिकेंत मिलवॉकी येथें पदार्थविज्ञान शिकवीत असे. त्याची पद्धति अमेरिकेच्या संघटनेनें १९६० सालीं आणि जागतिक संघटनेनें १९७० सालीं स्वीकारली. तिचें तत्त्व समजण्यास फार गणित लागत नाहीं. प्रत्येक खेळाडूस कांहीं गुण असतात. अपेक्षेपेक्षां चांगला खेळ झाला तर ते वाढतात, वाईट झाला तर उतरतात. दोघांच्या गुणांत अंतर नसेल तर शंभर डावांत प्रत्येकानें पन्नास गुण मिळवावे. चारशें गुणांचें अंतर असेल तर वरच्यानें सुमारें एक्याण्णव मिळवावे. विजयाचा एक गुण, बरोबरीचा अर्धा. व्यापाऱ्याच्या खातेवहीसारखी ही सोय आहे. पूर्वींची जमा किती, एवढें ती सांगते. उद्यां माल कोणत्या भावानें जाईल, याची हमी ती देत नाहीं. लातूरच्या आडतींत बसणाऱ्या कोणाहि माणसास हा भेद समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

या मापानें मागचे सामने तोलून पाहिले, म्हणजे मौज वाटते. १९७२ सालीं आइसलंडच्या राजधानींत रॉबर्ट फिशर व बोरिस स्पास्की यांची गांठ पडली, तेव्हां जुना हिशेब स्पास्कीच्या बाजूचा होता: पूर्वींच्या पांच डावांत त्याचे तीन विजय, दोन बरोबरी, पराभव एकहि नाहीं. नव्या पद्धतीचा हिशेब फिशरच्या बाजूचा होता: २७८५ विरुद्ध २६६०. म्हणजे एकाच सामन्याविषयीं दोन वह्या दोन निराळ्या गोष्टी सांगत होत्या. फिशर पहिला डाव हरला, दुसऱ्यास आलाच नाहीं, आणि तरीहि साडेबारा-साडेआठ असा जिंकला. १९२७ सालीं आपसांतल्या गांठीभेटींच्या हिशेबानें दगा दिला होता. येथेंहि तोच दगलबाज ठरला.

भारतीय माणसाला लागलेला सामना मात्र २०१३ सालचा. चेन्नईस, म्हणजे विश्वनाथन आनंदच्या स्वतःच्या गांवीं, नॉर्वेचा बावीस वर्षांचा माग्नुस कार्लसन आला. कार्लसनचे गुण २८७०, आनंदचे २७७५. पंचाण्णव गुणांचें अंतर म्हणजे दहा डावांत वरच्यानें सुमारें सहा पूर्णांक तीन दशांश गुण मिळवावे असा अर्थ होतो. सामना दहाव्या डावांत संपला आणि कार्लसनचे गुण भरले साडेसहा! आंकड्यांनीं इतका नेमका जोगवा क्वचितच घातला असेल. परंतु त्या दिवसांत आपल्याकडे कोणीं आंकडे पाहिले होते? "आनंद अनुभवी आहे, घरच्या मैदानावर आहे, तो पोरास आवरील," असें आपण सारे म्हणत होतों. तें भाकित नव्हतें, तो लोभ होता. भाकित चुकलें तर माणूस हिशेब पुन्हां तपासतो. लोभ चुकला तर तो दैवाला दोष देतो, आणि मीहि तेंच केलें होतें, हें येथें कबूल करावें.

अकरा वर्षांनीं पारडें फिरलें. २०२४ च्या अखेरीस सिंगापुरास चेन्नईच्याच अठरा वर्षांच्या गुकेशनें चीनच्या डिंग लिरेनला आव्हान दिलें. डिंग त्या वर्षीं फार खालावला होता, म्हणून सामना एकतर्फी होईल असें बहुतेकांनीं ठरवून टाकलें. पहिलाच डाव डिंगनें काळ्या मोहऱ्यांनीं जिंकला! अखेर चौदाव्या डावांत, १२ डिसेंबर रोजीं, बरोबरीच्या दिशेनें चाललेल्या स्थितींत डिंगनें हत्ती चुकीच्या घरांत नेला, आणि साडेसात-साडेसहा या फरकानें गुकेश जगज्जेता झाला. जेता कोण, हें भाकित खरें ठरलें; परंतु तें भाकित करणाऱ्यांना सामन्याचा रंग मुळींच कळला नव्हता. अशा खऱ्या ठरलेल्या भाकितांना किती मान द्यावा, याची मला शंका आहे.

येथें थोडें विषयांतर करतों, आणि तें खेळाशीं तुलना करण्यासाठीं नव्हे. कारण त्या दुःखापुढें खेळाचें नांव काढणेंहि योग्य नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत धरणीकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागांतील हजारों माणसें आपल्याच घरांच्या दगडमातीखालीं गेलीं. त्या काळच्या भूकंपाच्या नकाशांत हा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांत घातलेला होता. नकाशा करणारे अडाणी नव्हते. पूर्वीं कोठें धक्के बसले, त्यांची नोंद पाहून त्यांनीं तो केला होता, आणि जुनी नोंद दख्खनच्या या खडकाला निर्धास्त ठरवीत होती. आदल्याच वर्षीं, १९९२ सालीं, किल्लारीस लहान लहान धक्के जाणवले होते. तेथील माणसें त्यांविषयीं बोलतहि होतीं. परंतु नोंदवहीचें म्हणणें एक होतें आणि पायांखालच्या जमिनीचें दुसरें. आमच्या भागांतल्या ज्या माणसाचें वय आज चाळिशीच्या पलीकडे आहे, त्याला आंकड्याची मर्यादा पुस्तकांतून शिकावी लागली नाहीं.

आणि तरीहि आंकड्यावर सर्वांत अधिक भिस्त ठेवणारें गांवहि लातूरच! 'लातूर पॅटर्न' म्हणून ज्या अभ्यासपद्धतीची कीर्ति सर्व महाराष्ट्रांत झाली, तिच्या पोटीं भाकितांचा एक मोठा कारखाना आहे. परीक्षा संपते त्या संध्याकाळीं उत्तरांचा ताळा घेऊन गुण किती पडतील, प्रवेशाची रेषा कोठें येईल, अमक्याच्या मुलाला वैद्यकीय मिळेल कीं नाहीं, हें गल्लोगल्लीं सांगितलें जातें. या खटाटोपाची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. त्यानें पुष्कळ गरीब घरांतील मुलांचें कल्याण झालें आहे. परंतु आतां बुद्धिबळाच्या वर्गांतूनहि हेंच ऐकूं येतें. सात-आठ वर्षांच्या पोराची ओळख करून देतांना बाप प्रथम त्याचे गुण सांगतो, मग नांव सांगतो.

आतां बातुमीकडे वळूं. ऐंशीं गुणांचें अंतर म्हणजे शंभर डावांत हंपीनें एकसष्ट गुण मिळवावे. येथपर्यंत मीं ठीक केलें होतें. परंतु "एकसष्ट गुण" याचा अर्थ मीं मनांतल्या मनांत "जय निश्चित" असा केला, ही माझी चूक. समजा, शंभरांतील पन्नास डाव बरोबरींत सुटतात. मग उरलेल्यांत हंपीनें छत्तीस जिंकावे आणि दिव्यानें चौदा, म्हणजे एकसष्टाचा मेळ बसतो. आतां सामना शंभर डावांचा नाहीं, दोनच डावांचा. दोन डावांच्या सामन्याचा हिशेब मांडला, तर हंपीचा विजय शंभरांत सुमारें एकूणपन्नास वेळां येतो, दिव्याचा सोळा वेळां, आणि पस्तीस वेळां सामना समसमान सुटतो. समान सुटल्यावर पुन्हां त्याच मापानें खेळविलें, तर अखेरीस चारांत एक वेळ दिव्या जिंकणार. चारांत एक! पावसाची एवढी शक्यता असतां आमचा शेतकरी कापलेलें सोयाबीन उघड्यावर ठेवील काय? सामना जितका तोकडा, तितकी दुबळ्या पक्षास संधि मोठी. म्हणूनच ब्वेनोस आयरेसच्या चौतीस डावांचा निकाल बातुमीच्या चार डावांपेक्षां कितीतरी अधिक थक्क करणारा आहे.

शिवाय नोंदवहींत न उतरलेले धक्के येथेंहि बसत होतेच. दिव्या दहा वर्षांखालील आणि पुढें बारा वर्षांखालील मुलींची जगज्जेती झालेली. २०२४ सालीं गांधीनगरला ती कुमारी गटाची जगज्जेती झाली, अकरा डावांत दहा गुण मिळवून. त्याच वर्षीं बुडापेस्टच्या ऑलिंपियाडांत पुण्याच्या अभिजित कुंटे यांच्या नेतृत्वाखालीं भारतीय महिला संघानें सुवर्णपदक मिळविलें, तेव्हां तिसऱ्या पटावरचें वैयक्तिक सुवर्णपदकहि दिव्याचेंच होतें. बातुमीसच पाहा: मानांकनांत ती पंधरावी, आणि तिनें दुसऱ्या मानांकनाच्या झू जिनरला काढलें, मग आपल्याच हरिका द्रोणवल्लीला, मग पूर्वींची जगज्जेती तान झोंग्यी हिला. ही वाट पाहूनहि मीं गुणांचा कागद पुढें ओढला.

आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. २०२४ च्या जानेवारींत हॉलंडांतील स्पर्धेहून परततांना दिव्यानें जाहीरपणें एक तक्रार मांडली होती. प्रेक्षक आपला खेळ सोडून पोशाख, केस, बोलण्याची ढब यांकडे पाहतात. पुरुष खेळाडूंच्या वाट्यास हें येत नाहीं, असें तिचें म्हणणें. तेव्हां ती अठरा वर्षांची होती. तें वाचून पुष्कळांनीं हळहळ व्यक्त केली, मीहि केली. परंतु खेळ न पाहतां तिच्या नांवापुढचा आंकडा पाहणारा मी, त्या प्रेक्षकांहून फार निराळा होतों काय, हा प्रश्न मला जुलैनंतर सुचला.

हंपीविषयीं दोन शब्द न बोलतां पुढें जाणें कृतघ्नपणाचें होईल. भारतांतल्या मुलींना या खेळांत वाट आहे, हें मुंबईच्या खाडिलकर भगिनींनीं १९७० नंतरच्या दशकांत दाखविलें. ती वाट शिखराच्या जवळपास नेली हंपीनें. २०११ सालीं ती जगज्जेतेपदाच्या सामन्यांत हू यिफानशीं झुंजली व हरली. आई झाल्यावर कांहीं काळ खेळापासून दूर राहिली, परत आली, आणि २०१९ व २०२४ अशा दोन वेळां जलद खेळाची जगज्जेती झाली. म्हणून अंतिम सामन्याचे २६ व २७ जुलैचे दोन्ही डाव बरोबरींत सुटून निकाल जलद डावांवर गेला, तेव्हां माझें भाकित मला पूर्वींपेक्षांहि पक्कें वाटूं लागलें. प्रत्येकीस पंधरा मिनिटें आणि दर चालीस दहा सेकंद अधिक. जिच्या घरीं या प्रकाराचीं दोन जगज्जेतेपदें आहेत ती येथें हरेल कशी? त्या संध्याकाळीं पैज वाढवून जेवणाची करण्याची सूचना मींच केली होती. वृद्ध गृहस्थांनीं ती नाकारली. चहाच बरा, म्हणाले. जेवणाचा भुर्दंड तुम्हांस झेपणार नाहीं.

२८ जुलै. पहिला जलद डाव बरोबरींत गेला. दुसऱ्यांत हंपीकडे पांढरीं मोहरीं, दिव्याकडे काळीं. डाव लांबला, मोहरीं विरळ झालीं, आणि घड्याळ हंपीला ओढूं लागलें. ज्या घड्याळाशीं तिची वीस वर्षांची दोस्ती, त्यानेंच तिला त्या दिवशीं घाई केली. चूक झाली, ती दुरुस्त करण्याची संधि आली, ती हातांतून गेली, आणि पुन्हां चूक झाली. हंपीनें डाव सोडला. अडीच विरुद्ध दीड. एकोणीस वर्षांची दिव्या खुर्चीवर बसूनच रडूं लागली. मग उठून आईला बिलगली. स्पर्धेला आली तेव्हां ती ग्रँडमास्टर नव्हती. या एका विजयानें ती पदवी तिला आपोआप मिळाली. भारताची अठ्ठ्याऐंशींवी ग्रँडमास्टर, आणि हंपी, हरिका व वैशाली यांच्या मागून चौथी स्त्री.

दुसऱ्या दिवशीं पाऊस भुरभुरत होता. ठरल्याप्रमाणें मीं चहा-भजीं दिलीं. खातांखातां वृद्ध गृहस्थांना विचारलें, आपण कोणत्या हिशेबानें दिव्याचें नांव घेतलें? ते म्हणाले, हिशेब कांहीं केला नव्हता. उपांत्य फेरीचा तिचा डाव नातवानें दाखविला, तो मीं सबंध, शेवटच्या चालीपर्यंत पाहिला. तुम्हीं पाहिला होता काय?

मीं पाहिला नव्हता.